वीस रुपयांत चंद्रापर्यंत

टेबलावर वर्तमानपत्र पसरलंय आणि त्यावर एक ग्राफिक्स कार्ड ठेवलंय. भाच्याने ते मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणलंय. वीतभर लांब, दोन काळे पंखे, पंख्यांखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या दाट ओळी, आणि एका कडेला सोनेरी दातांची पट्टी. भाच्याने शिकवण्या घेऊन ३५ हजार रुपये साठवलेत. आता त्याला स्वतःचं कार्ड घ्यायचंय.

"मामा, कुठलं घेऊ? डब्यावर नुसते आकडेच आकडे आहेत."

आकडेच आकडे! मग तर मजाच आहे. चला, एकेक आकडा उचलू आणि आपल्या घरच्या मापांनी मोजू. तांदळाने मोजू, विहिरीने मोजू, डेक्कन क्वीनने मोजू. मोजता मोजता त्या ३५ हजारांचं चीज कुठे होतं, तेही कळेल.

सुरुवात मधोमध बसलेल्या चिपपासून. हे कार्ड एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६०, जून २०२३ मध्ये बाजारात आलेलं. चिपचं क्षेत्रफळ १५९ चौरस मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या साधारण अर्धं. तेवढ्या जागेत ट्रान्झिस्टर, म्हणजे चालू-बंद होणारी इवलीशी बटणं, किती असतील? १,८९० कोटी!

एका बटणाला तांदळाचा एक दाणा धरू. किलोत साधारण ५० हजार दाणे येतात. मग १,८९० कोटी दाणे म्हणजे ३७८ टन तांदूळ, दहा टनी ट्रक लावले तर ३८ ट्रक. महिन्याला १५ किलो तांदूळ लागणारं घर त्यावर २,१०० वर्षं जेवेल. सातवाहनांच्या काळात कुणी पहिलं पोतं उसवलं असतं, तर शेवटचं पोतं आज संपलं असतं. आणि हे सगळं अर्ध्या नाण्यात!

अजून जवळून बघू. त्या चिपच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये जवळपास १२ कोटी बटणं बसतात. मोहरीचा एक दाणा चिपवर ठेवला, तर तो याहून थोडी जास्तच जागा अडवेल. २०११ च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी एक बटण दिलं तरी मोहरीखाली बटणं उरतातच.

हे एका रात्रीत झालेलं नाही, पण वेग बघा. १९९९ मध्ये जीफोर्स २५६ आलं, तेव्हा त्यात अशी दोन कोटींच्या आसपास बटणं होती. २०२५ च्या आरटीएक्स ५०९० मध्ये ९,२२० कोटी आहेत. सव्वीस वर्षांत चार हजार पट! डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईचे १९२ किलोमीटर साधारण तीन तास दहा मिनिटांत कापते. तिचा वेग चार हजार पट केला, तर पुणे ते सीएसएमटी तीन सेकंदांच्या आत. गार्डची शिट्टी संपायच्या आत गाडी फलाटाला!

आता या बटणांचं काम काय, ते पडद्यावर बघू. भाच्याचा मॉनिटर २४ इंची, फुल एचडी. आडवे १,९२० ठिपके आणि उभे १,०८०. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. गेममध्ये चित्र हलतं, म्हणजे हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे. झाले १२ कोटी ४४ लाख ठिपके! महाराष्ट्रातल्या प्रत्येक माणसाच्या कपाळावर एकेक टिकली लावली, मग गोव्यातल्या प्रत्येकाच्या कपाळावर लावली, तरी एक कोटीहून जास्त टिकल्या हातात उरतात. तेवढं काम एका सेकंदाचं. पुढच्या सेकंदाला सगळ्या पुसायच्या आणि पुन्हा लावायच्या.

आणि प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटं कोडं. इथे ऊन आहे का सावली? भिंत ओली आहे का कोरडी? धूर पुढे आहे का झाड पुढे? हे सोडवायला चिपमध्ये ३,०७२ छोटी गणितयंत्रं बसवलीत. प्रत्येकाचे सेकंदाला २४६ कोटी ठोके पडतात. एक ठोका इतका छोटा, की तेवढ्या वेळात साक्षात प्रकाशसुद्धा जेमतेम अर्धी वीत सरकतो. दर ठोक्याला दोन गणितं. करा गुणाकार. सेकंदाला १५ लाख कोटी गणितं!

१५ लाख कोटी हा आकडा आपण अर्थसंकल्पाच्या दिवशी ऐकतो आणि सोडून देतो. आज सोडायचा नाही. समजा सगळा भारत कामाला लावला, पाळण्यातल्या बाळापासून नव्वदीच्या पणजीपर्यंत १४६ कोटी माणसं. प्रत्येकाने सेकंदाला एक गणित सोडवायचं. चहा नाही, उठणं नाही, शेजाऱ्याशी बोलणं नाही. डेक्कन क्वीन पुण्याहून सुटली की सुरू करायचं. लोणावळा गेलं, खंडाळ्याचे बोगदे गेले, कर्जत गेलं, कल्याण गेलं, आणि गाडी दादरच्या आसपास आली की देशाचं काम संपेल. पावणेतीन तासांहून जास्त वेळ. कार्डाचा मात्र एकच सेकंद!

एकट्याने बसून करायचं ठरवलं, तर ४ लाख ७५ हजार वर्षं लागतील.

हीच गणितं ठिपक्यांना वाटून दिली, तर एका ठिपक्याच्या एका वेळच्या रंगासाठी १ लाख २० हजार गणितांची सोय होते. हाताने केलं तर एका ठिपक्यालाच दीड दिवस जाईल. कार्ड तेच काम वीस लाख ठिपक्यांसाठी करतं, आणि पापणी लवायच्या आत करून मोकळं होतं.

आता किंमत. आरटीएक्स ४०६० अमेरिकेत २९९ डॉलरला आलं. डॉलर ८५ रुपयांचा धरू आणि वर १८ टक्के जीएसटी लावू. कागदावर ३० हजार रुपये होतात. दुकानातला भाव रोज हलतो, पण हिशोबाला हा आकडा बरा. १५ लाख कोटींना ३० हजारांनी भागलं, तर एका रुपयाला ५० कोटी गणितं येतात. एका रुपयाला, दर सेकंदाला!

पुणेकरांनी तर इथे टाळ्या वाजवाव्यात. १९८० च्या दशकात आपल्याला हवा तसा महासंगणक परदेशातून मिळेना, म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, तीन वर्षांची मुदत आणि ३० कोटींच्या आसपास पैसे घेऊन तिथल्या लोकांनी परम ८००० बनवला. वर्ष १९९१. त्याची ताकद एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला १०० कोटी गणितं. देशाचा ऊर भरून आला होता. दोन्हींच्या गणितांची बारकाई सारखी नाही, पण नुसती संख्या घेतली तर टेबलावरच्या या कार्डात १५ हजार परम बसतात. एका परमची किंमत आज दोन रुपये पडते! पुण्यात त्या वेळी जे पाऊल टाकलं गेलं, त्याची वाट कुठवर आली, हे एका दुकानातल्या डब्यावर लिहिलेलं असतं.

एक गोष्ट मात्र भाच्याच्या वहीत पहिली लिहून ठेवली. गणितांचा हा आकडा एकाच कंपनीच्या एकाच पिढीतली कार्डं ताडायला वापरायचा. एनव्हीडियाचा आकडा एएमडीच्या आकड्यासमोर ठेवला, तर शेर आणि किलो एका तराजूत घातल्यासारखं होतं.

मग खरा फरक कुठे पडतो? पाण्यात. म्हणजे मेमरीत.

चिपच्या बाजूला चार काळ्या वड्या दिसतात. प्रत्येकीत दोन जीबी, मिळून आठ. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे, झाडांची साल, सगळी चित्रं इथे साठवलेली असतात. आठ जीबी म्हणजे ८०० कोटी बाइट. एका बाइटला पाण्याचा एक थेंब धरू, मिलिलिटरला वीस थेंब. किती पाणी झालं? चार लाख लिटर. तेवीस फूट रुंद विहीर, तिच्यात चौतीस फूट पाणी. काठोकाठ एक विहीर!

मग या विहिरीतून चिप पाणी उपसते किती? वड्यांपासून चिपपर्यंत १२८ वाटा आहेत. प्रत्येक वाटेवरून सेकंदाला १,७०० कोटी बिट धावतात. बेरीज सेकंदाला २७२ जीबी. आपल्या हिशोबात सेकंदाला चौतीस विहिरी! पावसाळ्यात आपण क्युसेकमध्ये बोलतो, तर क्युसेकमध्ये सांगतो. खडकवासल्यातून तीस हजार क्युसेक सोडले की पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो. ही चिप चार लाख ८० हजार क्युसेकने उपसते, म्हणजे तशा सोळा पुरांचं पाणी एकदम. या वेगाने भरलेलं खडकवासला सव्वा तासात कोरडं पडेल. १०५ टीएमसीचं कोयना धरण अडीच दिवसांत तळ दाखवेल.

आणि विहीर कमी पडली तर? गेमची चित्रं आठ जीबीत मावली नाहीत तर? तेव्हा टँकर मागवावा लागतो. उरलेली चित्रं संगणकाच्या मुख्य मेमरीतून, त्या सोनेरी दातांच्या पट्टीवरून आणायची. आरटीएक्स ४०६० ला या पट्टीवर आठ मार्गिका आहेत. त्यावरून सेकंदाला सुमारे १६ जीबी येतात, म्हणजे दोन विहिरी. कुठे चौतीस आणि कुठे दोन! मदरबोर्ड जुना, पट्टीच्या या जोडणीच्या, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसच्या, तिसऱ्या पिढीचा असेल, तर दोनची एकच विहीर होते. गेम छान चाललेला असतो आणि एका वळणावर चित्र अडखळतं, हिसका बसतो, ते बहुतेक वेळा याच टँकरची वाट बघण्यामुळे. चिप हुशार आहे, मोकळी आहे, पण पाण्यावाचून तहानलेली बसलीय.

म्हणून स्वस्त आणि मस्त कार्ड निवडताना आधी विहीर बघायची. बाजारात काय काय आलंय? किमती कार्डं आली तेव्हाच्या.

एनव्हीडियाचं आरटीएक्स ५०६०, २०२५ चं, २९९ डॉलर. विहीर एकच, पण उपसा सेकंदाला ५६ विहिरींचा. इंटेलचं आर्क बी५८०, डिसेंबर २०२४ चं, २४९ डॉलर, आपल्या हिशोबात २५ हजार. दीड विहीर, उपसा ५७ विहिरींचा! पैशाच्या मानाने एवढं पाणी देणारं नवं कार्ड क्वचितच सापडतं. फक्त जुन्या प्रोसेसरशी त्याचं जमत नाही, वेग उतरतो. संगणक नवा असेल तर जरूर विचार करावा. आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, जून २०२५ चं. आठ जीबीला २९९ डॉलर, सोळा जीबीला ३४९. उपसा चाळीस विहिरींचा, आणि पट्टीवर मार्गिका आठ नाहीत, पूर्ण सोळा.

इथे भाचा पुढे सरकला. "मामा, दोन्हींत फरक पन्नास डॉलरचा. म्हणजे दुसरी विहीर पाच हजारांत?"

पाच हजारांत अख्खी विहीर! कार्ड पाच वर्षं वापरणार, तर रोजचे पावणेतीन रुपये. आजच काही नवे गेम फुल एचडीलासुद्धा आठ जीबी ओलांडतात, पाच वर्षांनी तर विचारूच नका. भाच्याचा मदरबोर्ड सात वर्षांचा, तिसऱ्या पिढीचा. त्याच्याकडे टँकरचा रस्ता आधीच अरुंद. त्याने विहीर मोठी घ्यावी आणि रस्ता सोळा मार्गिकांचा घ्यावा, हे आकडेच सांगतायत.

मग मित्र म्हणतात तसं, पैसे जमवून सगळ्यात मोठं का घेऊ नये? आरटीएक्स ५०९० बघा. आलं तेव्हा १,९९९ डॉलर, म्हणजे दोन लाख रुपये. चार विहिरी, उपसा सेकंदाला २२४ विहिरींचा. डोळे फिरतात! पण भाच्याचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. साठ म्हणजे साठ. कार्डाने १८० काढली तरी १२० वाया. तीन भाकऱ्या भाजायच्या आणि दोन टाकून द्यायच्या, असलं ते काम. फोर के पडदा असेल, चौपट ठिपके असतील, १४४ चित्रांचा मॉनिटर असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सेकंदाला ११९ कोटी ठिपके लागतात आणि मोठं कार्ड आपली किंमत वसूल करून देतं. तेव्हा आधी पडदा बघायचा आणि मगच कार्ड.

डब्यावरचे फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला किती चित्रं याचे, आकडे वाचतानाही जपून. एनव्हीडियाच्या नव्या कार्डांत एका खऱ्या चित्रामागे आणखी तीन चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेने रचता येतात, आणि खरं चित्रही आधी चौथा हिस्सा ठिपक्यांचं काढून मोठं करता येतं. म्हणजे दर सोळा ठिपक्यांत खरा मोजलेला ठिपका एकच! तंत्र अफाट आहे, डोळ्याला छान दिसतं. पण दोन कार्डांची तुलना करताना खऱ्या चित्रांशी खरी चित्रंच लावावीत.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी पंख्याचा हिशोब सांगतो. पंखा नऊ सेंटीमीटरचा, मिनिटाला दोन हजार फेरे. रोज चार तास खेळलं तर वर्षात साडेसतरा कोटी फेरे. पात्याचं टोक वर्षभरात ४९,५०० किलोमीटर चालतं, म्हणजे पृथ्वीला सव्वा प्रदक्षिणा, किंवा मुंबई-पुणे रेल्वेने अडीचशेहून जास्त खेपा. आता हेच कार्ड इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामाला लावलेलं असेल तर? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, ते खाणकाम बंद झालं आणि अशी कितीतरी कार्डं जुन्या बाजारात उतरली. दिवसरात्र चाललेल्या कार्डाचा पंखा एका वर्षात १०५ कोटी फेरे मारतो. पात्याचं टोक तीन लाख किलोमीटर, चंद्राच्या वाटेचा पाऊण भाग! तुमचं-आमचं मूल रोज चार तास खेळलं तर तेवढे तास भरायला सहा वर्षं लागतील. म्हणून जुनं कार्ड घेताना ते समोर चालू करायला सांगायचं, कान लावून पंखा ऐकायचा, मग बंद करून बोटाने पातं हलकेच हलवून बघायचं, आणि नवा पंखा टाकायचे पैसे भावातून वजा करायचे.

वीज उरली. आरटीएक्स ५०९० पूर्ण जोरात ५७५ वॅट खातं, पाऊण अश्वशक्तीचा पंप चालावा तशी. रोज चार तास, वर्षाला ८४० युनिट. भाच्याच्या मनात भरलेलं ९०६० एक्सटी सोळा जीबी खातं १६० वॅट, वर्षाला २३४ युनिट. युनिट दहा रुपयांचं धरलं तर वर्षाला सहा हजारांचा फरक. पाच वर्षांत तीस हजार. नुसत्या वाचलेल्या विजेत आणखी एक कार्ड!

आता सगळं एका ओळीत आणू. कार्ड ३५ हजारांचं. पाच वर्षं, रोज चार तास, म्हणजे ७,३०० तास. तासाला चार रुपये ऐंशी पैसे. विजेचे एक रुपया साठ पैसे. एकूण तासाला सहा रुपये चाळीस पैसे.

सहा रुपये चाळीस पैशांत काय मिळतं? भाच्याने पट्टी आणली, पडद्याची रुंदी मोजली, १,९२० ने भागली. एक ठिपका ०.२७ मिलिमीटरचा. हे ठिपके एकापुढे एक मांडले तर? एका सेकंदात रंगवलेल्या ठिपक्यांची रांग ३४ किलोमीटर भरते. चौतीस! १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तेवढंच अंतर. तिला जवळपास तास लागला होता. ठिपक्यांची रांग एका सेकंदात ठाण्यात.

सहा सेकंदांत पुण्यात. एका तासात पृथ्वीला तीन प्रदक्षिणा. भाच्याने कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पुण्याहून डेक्कन क्वीन सुटली आणि त्याच क्षणी त्याने गेम सुरू केला. गाडी घाट उतरली, दादर सोडलं, सीएसएमटीच्या फलाटाला लागली. तीन तास दहा मिनिटं. तेवढ्या वेळात ठिपक्यांची रांग किती? ३ लाख ८४ हजार किलोमीटर ओलांडून गेली. चंद्राला टेकली!

पाच वर्षांत ९० कोटी किलोमीटर. सूर्यापर्यंत जायचं, परत यायचं, आणि हे तीनदा करायचं.

आणि चंद्रापर्यंतच्या त्या एका फेरीचा खर्च? तीन तास दहा मिनिटं, तासाला सहा रुपये चाळीस पैसे. वीस रुपये. दोन लाखांचं कार्ड याच पडद्याला जोडलं असतं, तर रांग तेवढीच, चंद्र तोच, आणि भाडं शंभरावर.

भाच्याने वहीत "सोळा जीबी" लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि मित्राचं कार्ड वर्तमानपत्रात अलगद गुंडाळलं. वीस रुपयांत चंद्र म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या एका वडापावचा भाव.